वेगळं ताट आणि तोच वस्तरा

घरात कुणाचा हिपॅटायटिस बीचा रिपोर्ट पॉझिटिव्ह आला की सगळ्यात आधी वेगळं होतं ते ताट. मग पेला, मग टॉवेल, आणि चार दिवसांत अंथरूणही भिंतीकडेला सरकतं. आजी नातवाला मांडीवर घ्यायला कचरते. सून चहाचा कप निराळा घासते. आणि त्याच घरात मोरीवरच्या फळीवर दाढीचं एकच रेझर बाप आणि लेक आलटून पालटून वापरत असतात, नेलकटर सगळ्यांत मिळून एक असतं, आणि मधुमेहासाठी आणलेल्या ग्लुकोमीटरचं टोचणीचं पेन नवरा-बायकोत सामाईक असतं. एकत्र जेवल्यानं हा आजार होत नाही. रेझर, नेलकटर आणि टोचणीनं मात्र होऊ शकतो. म्हणजे भीती भरपूर आहे, फक्त ती भलत्या जागी जाऊन बसली आहे.

मला वाटतं, हिपॅटायटिस बीबद्दलच्या आपल्या समजुतींचं मूळ इथंच शोधायला हवं. कावीळ म्हणजे काय हे महाराष्ट्रातल्या कुठल्याही गावात माणसांना ठाऊक असतं. पावसाळ्याच्या तोंडावर कुठंतरी पिण्याच्या पाइपात गटाराचं पाणी शिरतं, आणि पुढच्या काही आठवड्यांत एकाच गल्लीतली दहा-वीस माणसं पिवळी पडतात. पाणी उकळून प्या, बाहेरचं खाऊ नका, तेल-तूप बंद, हळदसुद्धा बंद, उसाचा रस प्या, असे सल्ले घरोघरी सुरू होतात. ही कावीळ हिपॅटायटिस ए किंवा ई या विषाणूंची. ते विष्ठेतून पाण्यात आणि पाण्यातून तोंडात जातात. बहुतेक रुग्ण महिन्या-दोन महिन्यांत बरे होतात आणि विषाणू शरीर सोडून जातो (गर्भवती स्त्रीला झालेला ई मात्र जिवावर बेतू शकतो, तिथं घरी थांबायचं नसतं). या आजारात पाणी, अन्न, हात आणि भांडी यांचीच काळजी घ्यायची असते, आणि लोक ती बऱ्यापैकी घेतातही.

अडचण अशी की लोक हीच शिकवण जशीच्या तशी उचलून हिपॅटायटिस बीला लावतात. त्याला आपल्याकडे पांढरी कावीळ म्हणतात. रंग निराळा पण आजार त्याच घराण्यातला, असं ऐकणाऱ्याला वाटणं साहजिक आहे. प्रत्यक्षात दोन्हीत सारखं एवढंच, की दोन्ही यकृतावर हल्ला करतात. बी अन्नातून येत नाही, पाण्यातून येत नाही. तो रक्तात असतो, वीर्यात आणि योनिस्रावात असतो. लाळेत अगदी कमी प्रमाणात सापडतो, पण एका ताटात जेवल्यानं, उष्टं पाणी प्यायल्यानं, खोकल्या-शिंकल्यानं, मिठी मारल्यानं किंवा डास चावल्यानं तो लागत नाही. चावा घेऊन कातडी फुटली तर गोष्ट वेगळी, कारण तिथं पुन्हा रक्ताचा संबंध आला.

या विषाणूच्या दोन गोष्टी नीट कळल्या की बाकीचं आपोआप उलगडतं. पहिली म्हणजे रक्तातली त्याची गर्दी. संसर्ग जोरात असलेल्या माणसाच्या एक मिलिलिटर रक्तात दहा कोटींच्या वर विषाणू असू शकतात. त्यामुळे लागण व्हायला रक्ताची धार लागत नाही. डोळ्यांना न दिसणारा, सुईच्या पोकळीत किंवा पात्याच्या कडेला राहिलेला अंश पुरतो. लस न घेतलेल्या आरोग्य कर्मचाऱ्याला बाधित रक्ताची सुई टोचली तर एचआयव्ही लागण्याची शक्यता हजारात सुमारे ३ असते, हिपॅटायटिस सीची शंभरात साधारण २, आणि बीची शंभरात ६ पासून ३० पर्यंत. एचआयव्हीची दहशत आपल्या मनात किती खोल आहे हे आठवून हे आकडे पुन्हा वाचावेत. दुसरी गोष्ट त्याचा चिवटपणा. वाळलेल्या रक्तात, टेबलावर, पात्यावर, सुईत तो किमान ७ दिवस जिवंत, म्हणजे लागण करण्याच्या ताकदीचा राहतो. डाग पुसला गेला, रक्त सुकलं, म्हणजे धोका टळला असं होत नाही.

ही माहिती माणसाला सहज मिळालेली नाही. जर्मनीतल्या ब्रेमेन शहरात १८८३ साली एका जहाजबांधणीच्या कारखान्यात १,२८९ कामगारांना देवीची लस टोचली गेली. ती माणसाच्या शरीरातल्या द्रवापासून बनवलेली होती. पुढच्या महिन्यांत त्यांतल्या १९१ जणांना कावीळ झाली, आणि ज्यांना ती लस दिलीच नव्हती ते बचावले. १९४२ मध्ये अमेरिकी सैन्याला पीतज्वराची लस टोचताना ती स्थिर राहावी म्हणून तिच्यात मानवी रक्तद्रव घातला होता. सुमारे ५० हजार सैनिक काविळीनं रुग्णालयात गेले. रक्तातून जाणारी एक निराळी कावीळ आहे हे अशा दुर्घटनांतून कळत गेलं. खुद्द विषाणूचा माग १९६० च्या दशकात बरूक ब्लमबर्ग यांना लागला. ऑस्ट्रेलियातल्या एका आदिवासी माणसाच्या रक्तात त्यांना एक अनोळखी प्रथिन सापडलं, म्हणून त्याला ऑस्ट्रेलिया अँटिजेन म्हटलं गेलं. आपल्याकडच्या लॅबमध्ये आणि जुन्या डॉक्टरांच्या तोंडी आजही हेच नाव आहे. रिपोर्टवर ‘एचबीएसएजी’ असं छापलेलं असतं ते हेच. ब्लमबर्ग यांना १९७६ चं नोबेल मिळालं, आणि त्यांचा वाढदिवस, २८ जुलै, जागतिक हिपॅटायटिस दिन म्हणून पाळला जातो.

ब्रेमेनच्या कामगारांनाही लस टोचल्यावर लगेच कावीळ झाली नव्हती, आणि इथंच लोकज्ञान कमी का पडतं याचं उत्तर आहे. विषाणू शरीरात शिरल्यापासून लक्षणं दिसेपर्यंत दीड महिन्यापासून सहा महिन्यांपर्यंत वेळ जातो. आज डोळे पिवळे झाले तर माणसाला परवाची पाणीपुरी आठवते. तीन महिन्यांपूर्वी तापासाठी घेतलेली सुई किंवा जत्रेत काढलेलं गोंदण कुणाला आठवणार? त्यातही हे झालं मोठ्या माणसाचं. तान्हेपणी लागण झाली तर लक्षणं बहुधा काहीच नसतात आणि आजार उघडकीला यायला तीस-चाळीस वर्षं जातात. कारण आणि परिणाम यांच्यात एवढं अंतर असेल तर पिढ्यान्‌पिढ्यांच्या अनुभवातून शहाणपण जमा होऊच शकत नाही. हे कुणीतरी मुद्दाम सांगावं लागतं, पुन्हा पुन्हा सांगावं लागतं.

सगळ्यात जास्त सांगण्यासारखं जे आहे ते सगळ्यात कमी सांगितलं जातं: हा आजार मुख्यतः आईकडून बाळाला, बाळंतपणाच्या वेळी मिळतो, आणि तो थांबवता येतो. प्रौढ माणसाला लागण झाली तर शंभरातले पंचाण्णवहून अधिक जण विषाणू स्वतःच हटवतात आणि कायमचे सुरक्षित होतात. नवजात बाळाला झाली तर शंभरातल्या नव्वदांच्या शरीरात तो कायमचा मुक्काम ठोकतो. बाळाची प्रतिकारशक्ती त्याला परका म्हणून ओळखतच नाही. पुढे या मुक्कामातून काहींना यकृताचा सिरोसिस होतो, म्हणजे यकृत व्रणांनी घट्ट होऊन काम करेनासं होतं, काहींना कर्करोग. आईच्या रक्तात विषाणू जोरात वाढत असेल, म्हणजे तिची ‘एचबीईएजी’ ही चाचणीही पॉझिटिव्ह असेल, तर काहीच उपाय न केल्यास शंभरातल्या सत्तर ते नव्वद बाळांना लागण होते.

उपाय साधा आहे. जन्मल्यापासून २४ तासांच्या आत, जितक्या लवकर तितकं चांगलं, बाळाच्या मांडीच्या पुढच्या-बाहेरच्या बाजूला अर्धा मिलिलिटर लस. आई पॉझिटिव्ह असेल तर १२ तासांच्या आत दुसऱ्या मांडीत हिपॅटायटिस बी इम्युनोग्लोब्युलिन, म्हणजे विषाणूशी लढणारी तयार प्रतिपिंडं. त्यानंतर ६, १० आणि १४ व्या आठवड्याला पेंटाव्हॅलंट, म्हणजे पाच आजारांवरच्या एकत्र लशीतून उरलेले डोस. आईच्या रक्तात विषाणूंचं प्रमाण मिलिलिटरमागे २ लाख युनिटांच्या वर असेल तर गरोदरपणाच्या शेवटच्या तिमाहीत विषाणूला आवर घालणाऱ्या टेनोफोविरच्या गोळ्या देऊन ते आधीच खाली आणतात. केवळ या कारणासाठी सिझेरियन करावं लागत नाही. अंगावरचं दूध बंद करण्याची गरज नसते. लस दिलेल्या बाळाला आईचं दूध सुरक्षित आहे. बाळ ९ ते १२ महिन्यांचं झालं की त्याची एचबीएसएजी आणि प्रतिपिंडांची चाचणी करायची. ही शेवटची पायरी बहुतेक घरांत राहून जाते, कारण बाळ गुटगुटीत दिसत असतं.

पहिल्या डोसची गल्लत कुठं होते हेही सांगायला हवं. बाळ शनिवारी रात्री छोट्या दवाखान्यात जन्मतं. लसीकरणाची सिस्टर सोमवारी येणार असते. तोवर ४० तास उलटलेले असतात. किंवा बीसीजी आणि पोलिओ दिला म्हणजे जन्माच्या लसी झाल्या, असं घरच्यांना वाटतं आणि तिसरीची चौकशीच होत नाही. सरकारी पुरवठ्यातली कुपी दहा डोसांची असते. एका बाळासाठी ती फोडली तर नऊ डोस वाया जातील, या धास्तीनं कुठंकुठं थांबलं जातं. खरं तर उघडलेली कुपी नीट थंड ठेवली, तिच्यावरचा उष्णतादर्शक ठिपका बिघडला नसेल, तर ती २८ दिवस वापरायची मुभा नियमातच आहे. उलट मोठी चूक गोठण्याची. ही लस २ ते ८ अंश सेल्सिअसला ठेवायची असते. फ्रीजच्या बर्फाच्या कप्प्याला टेकून ती एकदा गोठली की निकामी होते, आणि नंतर वितळली तर वरवर पाहणाऱ्याला काही कळत नाही. म्हणून प्रसूतीआधीच विचारून ठेवावं: हिपॅटायटिस बीची लस इथं आहे का, रात्री आणि सुट्टीच्या दिवशी ती कोण देणार, आणि माता व बाल संरक्षण कार्डावर तारखेबरोबर वेळही लिहाल का?

आपल्याकडची एक रीत इथं आडवी येते. पहिलं बाळंतपण माहेरी. तपासण्या सासरच्या गावी झालेल्या असतात आणि सातव्या-आठव्या महिन्यात मुलगी माहेरी जाते. फाइल कधी मागं राहते, कधी मुद्दाम मागं ठेवली जाते, कारण पॉझिटिव्ह रिपोर्ट आई-वडिलांना किंवा सासूला दाखवायची तिची हिंमत होत नाही. माहेरच्या डॉक्टरला काही ठाऊक नसतं आणि १२ तास हातातून निसटतात. या भीतीला कारण आहे. गरोदरपणात असा रिपोर्ट आला की घरात पहिला संशय तिच्या चारित्र्यावर घेतला जातो. हा अन्याय आहे आणि तो अज्ञानावर उभा आहे. तिला हा विषाणू बहुधा तिच्या जन्माच्या वेळी, तिच्या आईकडून मिळालेला असतो. ती आई आजही निरोगी दिसत असेल, आणि तिलाही तो तिच्या आईकडून आलेला असू शकतो. म्हणून रिपोर्ट आल्यावर तपासायची माणसं ओळीनं अशी: नवरा, आधीची मुलं, तिची आई आणि तिची सगळी भावंडं. अनेकदा एका गरोदर मुलीच्या तपासणीमुळं तिच्या थोरल्या भावाच्या यकृताचा आजार वेळेवर हाती लागू शकतो.

सुईबद्दल लोक आता सावध झाले आहेत. नवी सुई फोडली का, हे विचारणारे रुग्ण वाढले, ही फार मोलाची गोष्ट आहे. पण प्रश्न अर्धाच विचारला जातो. सुई बदलली आणि सिरिंज तीच ठेवली तर उपयोग नाही. टोचताना रक्ताचा सूक्ष्म अंश सिरिंजच्या नळीत मागं येतो, तो डोळ्यांना दिसत नाही, आणि पुढच्या माणसात नव्या सुईतूनही जातो. वापरलेली सिरिंज पुन्हा औषधाच्या मोठ्या बाटलीत घातली, तर ती बाटलीच दूषित होते आणि तिच्यातून पुढं औषध घेणारा प्रत्येक जण धोक्यात येतो. २००९ च्या सुरुवातीला गुजरातमधल्या मोडासा परिसरात जे घडलं ते असंच. वापरलेल्या सिरिंज आणि सुया पुन्हा वापरल्यानं शेकडो लोकांना हिपॅटायटिस बी झाला आणि अनेक जण दगावले. मोडासा काही दुर्गम रानातलं ठिकाण नव्हे, चांगलं गजबजलेलं गाव आहे.

आणि याची दुसरी बाजू रुग्णाच्या हातात आहे. साध्या सर्दी-तापाला ‘सुई मारा, सलाईन लावा’ हा आग्रह आपल्याकडे फार. गोळीनं जे काम होतं त्यासाठी घेतलेलं प्रत्येक अनावश्यक इंजेक्शन म्हणजे टाळता येण्यासारखा धोका. गावागावांत भरणाऱ्या मोफत मधुमेह तपासणी शिबिरांकडेही नीट बघायला हवं. बोटाला टोचणारी सुई दर माणसाला नवी असते, पण जे पेन तिला धरतं ते एकच, आणि त्याच्या तोंडाला रक्त लागतं. शिबिरात एकदाच वापरायची, टोचल्यावर आपोआप बंद होणारी टोचणी हवी. घरात दोघे मधुमेही असतील तर दोघांची पेनं वेगळी. यंत्र एक चालेल, पण प्रत्येक वापरानंतर पुसून.

केशकर्तनालयात गेल्या काही वर्षांत मोठी सुधारणा झाली. धार लावायचा वस्तरा जाऊन अर्ध्या ब्लेडचा वस्तरा आला, आणि गिऱ्हाइकासमोर नवं पातं मोडून लावलं जातं. यासाठी नाभिक व्यावसायिकांना मनापासून श्रेय द्यायला हवं. राहिली ती तुरटी. दाढी झाल्यावर तोच खडा एका गालावरून दुसऱ्याच्या गालावर फिरतो, आणि तो फिरतो तो नेमका कापलेल्या जागी, रक्त थांबवायला. तुरटी रक्त थांबवते, विषाणू मारत नाही. पूड करून कापसावर घेतली किंवा आपला खडा घरून नेला की प्रश्न मिटला. वाटीतल्या डेटॉलच्या पाण्यात अवजार बुडवून काढणं हेही निर्जंतुकीकरण नव्हे. रक्त सांडलं तर ते कापडानं किंवा कागदानं झाकून त्यावर एक टक्का सोडियम हायपोक्लोराइटचं द्रावण ओतून अर्धा तास ठेवायचं, मग हातमोजे घालून पुसायचं. बाजारातलं द्रावण साधारण पाच टक्क्यांचं असेल तर एक भाग ते आणि चार भाग पाणी. ते रोज ताजं करायचं. उघडं ठेवलेलं द्रावण कमजोर होत जातं.

जत्रेतल्या गोंदणवाल्याकडे सुई बदलली तरी शाईची टोपी, म्हणजे शाई ओतायची छोटी वाटी, तीच असते. एकाच्या दंडावर फिरलेली सुई पुन्हा पुन्हा त्या शाईत बुडते, आणि तीच शाई पुढच्याला. शहरातल्या टॅटूच्या दुकानातही विचारायचा प्रश्न हाच, की शाई माझ्यासाठी वेगळ्या टोपीत ओतली का, उरलेली फेकणार का. कान-नाक टोचायला सोनाराकडे नेलं तर तार नवी, बंद पाकिटातली किंवा ऑटोक्लेव्ह केलेली, म्हणजे दाबाखालच्या वाफेत निर्जंतुक केलेली हवी. ज्योतीवर क्षणभर धरली म्हणजे शुद्ध झाली, या भरवशावर राहू नये.

शरीरसंबंधांतून होणाऱ्या प्रसाराबद्दल आपण बोलत नाही, म्हणून ते इथं थोडक्यात पण स्पष्ट लिहिते. जोडीदार पॉझिटिव्ह असेल तर दुसऱ्यानं तपासणी करून लगेच लस सुरू करावी, आणि प्रतिपिंडं पुरेशी झाल्याचा रिपोर्ट हातात येईपर्यंत निरोध वापरावा. त्यानंतर त्यांचा संसार इतर कुणाहीसारखा असतो. मुलं होऊ द्यायलाही अडचण नाही. लग्न ठरवताना हे लपवू नये, आणि समोरच्यानं तेवढ्यावरून लग्न मोडू नये. ज्या आजारावर लस आहे तो स्थळ नाकारायचं कारण ठरू नये, असं माझं ठाम मत आहे.

कावीळ उतरवणाऱ्यांचा विषयही टाळता येत नाही. गळ्यात घातलेली माळ दिवसागणिक लांबत जाते, कारण ओल्या देठांच्या तुकड्यांना मारलेल्या गाठी सुकल्यावर सैल होतात. चुन्याच्या पाण्यात हात धुतल्यावर पिवळा रंग सुटतो तो हाताला आधी लावलेल्या आंब्याच्या झाडाच्या सालीच्या रसामुळं. अंधश्रद्धा निर्मूलनाचे कार्यकर्ते हे प्रयोग गावोगाव करून दाखवतात. पण लोकांचा विश्वास बसतो तो या हातचलाखीवर नाही. प्रौढांची कावीळ शंभरातल्या पंचाण्णव वेळा आपोआपच उतरते, आणि उतरते तेव्हा गळ्यात माळ असते. उरलेल्यांच्या डोळ्यांचा पिवळेपणाही ओसरतो, पण विषाणू रक्तात राहून जातो, आणि ते शोधायला पुन्हा चाचणी कुणी करत नाही. काही ठिकाणी तापल्या सळईनं डाग देतात, काही ठिकाणी कातडीवर चिरे पाडतात. चिरे पाडायचं पातं एकच असेल तर उपचाराच्या जागीच नवी लागण होते.

जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०२२ मध्ये भारतात २ कोटी ९८ लाख लोक हिपॅटायटिस बीसह जगत होते. यांतल्या फार थोड्यांना ते ठाऊक आहे. कळतं ते अचानक: रक्तदान शिबिरानंतर रक्तपेढीकडून आलेल्या फोनवर, ऑपरेशनच्या आधीच्या तपासणीत, किंवा आखाती देशातल्या नोकरीच्या मेडिकलला. रत्नागिरी, रायगडच्या कितीतरी घरांतली मुलं कुवेत, दुबई, सौदीला जायची स्वप्नं घेऊन ही तपासणी देतात. तिथं एका शब्दानं व्हिसा जातो आणि मुलगा नापास झाल्यासारखा घरी परततो. त्या कागदासोबत पुढं काय करायचं हे कुणीही सांगत नाही. व्हिसा गेला या दुःखात यकृताची तपासणी राहूनच जाते.

असा कागद हातात आला तर क्रम असा. सहा महिन्यांनी एचबीएसएजी पुन्हा करायची. तेव्हाही पॉझिटिव्ह असेल तर संसर्ग जुनाट आहे. पण तोवर थांबून न राहता यकृताची एन्झाइमं, विषाणूंचं प्रमाण, एचबीईएजी आणि सोनोग्राफी करून घ्यायची. सगळ्यांनाच औषध लागत नाही, हे ऐकून अनेकांना आश्चर्य वाटतं आणि काही जण परत येतच नाहीत. नियमित तपासणी मात्र सगळ्यांना लागते, कारण शांत पडलेला विषाणू पुढं केव्हाही डोकं वर काढू शकतो, आणि या आजारात सिरोसिस न होताही कर्करोग होऊ शकतो. औषध लागलंच तर टेनोफोविर किंवा एन्टेकॅविर, रोज एक गोळी, अनेक वर्षं. मनानं ती बंद केली तर विषाणू उसळी मारून यकृत अचानक निकामी करू शकतो. २०१८ च्या २८ जुलैला सुरू झालेल्या राष्ट्रीय कार्यक्रमात या चाचण्या आणि औषधं सरकारी केंद्रांवर मोफत आहेत. दुसऱ्या कुठल्याही ऑपरेशनला, केमोथेरपीला किंवा स्टेरॉइडच्या लांब उपचाराला जाताना आपला रिपोर्ट डॉक्टरांना आपणहून सांगायचा.

घरातल्या इतरांसाठी तीन चाचण्या एकदाच कराव्या: एचबीएसएजी, अँटी-एचबीसी (आधी कधी लागण झाली का हे सांगणारी) आणि अँटी-एचबीएस (संरक्षण देणारी प्रतिपिंडं दाखवणारी). तिन्ही निगेटिव्ह आल्या म्हणजे त्या माणसाला संरक्षण नाही आणि त्यानं लस घ्यायची आहे. प्रौढांना एक मिलिलिटरचे तीन डोस, आज, एक महिन्यानं आणि सहाव्या महिन्याला. दंडात घ्यायची, कुल्ल्यात नाही. तिथं ती चरबीत जाऊन बसते आणि कमी परिणाम करते. डायलिसिसच्या रुग्णांना दुप्पट मात्रा आणि चार डोस लागतात. घरात पॉझिटिव्ह माणूस असलेल्यांनी आणि दवाखान्यात, प्रयोगशाळेत, सफाईच्या कामावर असलेल्यांनी शेवटच्या डोसनंतर एक-दोन महिन्यांनी प्रतिपिंडं मोजावीत. मिलिलिटरमागे १० मिली-युनिट किंवा जास्त आली की काम झालं. कमी आली तर तीन डोस पुन्हा घ्यायचे.

कचरा वेचणाऱ्या बायकांच्या हातात आपल्या घरातल्या इन्सुलिनच्या सुया रोज टोचतात. त्या सुया झाकण परत न लावता जाड प्लास्टिकच्या बाटलीत टाकाव्या, पाऊण भरली की झाकण चिकटपट्टीनं बंद करून बाहेर ‘सुया’ असं ठळक लिहावं, आणि शक्य असेल तर दवाखान्याच्या कचऱ्यात द्यावी. तरीही कुणाला टोचलं तर जखम साबणानं वाहत्या पाण्याखाली धुवायची, पिळायची नाही, आणि त्याच दिवशी सरकारी रुग्णालयात जायचं. आधी लस झालेली नसेल तर २४ तासांत इम्युनोग्लोब्युलिन आणि लशीचा पहिला डोस दोन्ही मिळायला हवेत.

मोठ्यांच्या लसीकरणात मधला किंवा शेवटचा डोस राहून गेल्याचं नेहमी आढळतं, आणि आता पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागेल या समजुतीनं माणसं तो विषयच सोडून देतात. तसं करावं लागत नाही. दोन वर्षं उलटली असली तरी जिथं थांबलं तिथून पुढचा डोस घ्यायचा. फक्त दुसऱ्या आणि तिसऱ्या डोसात किमान आठ आठवडे, आणि पहिल्या व तिसऱ्यात किमान सोळा आठवडे अंतर ठेवायचं.